दहावा शब्द

शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता आई गेली. खारवलीच्या आमच्या घरी, माजघरातल्या खाटेवर. बाबा उशाशी बसून शेवटची प्रार्थना, शेमा, म्हणत होते आणि तीही ओठ हलवत होती. मग बाबांचा एकट्याचाच आवाज उरला.

त्यांनी तिचे डोळे मिटले, ओटीवर जाऊन उन्हाकडे पाहिलं आणि परत येऊन मला म्हणाले, "मिलका, आजच व्हायला हवं."

शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागतो. शब्बाथला मूठमाती देता येत नाही आणि आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू, मयत ठेवून देत नाही. १९७८ सालचा फेब्रुवारी होता. संध्याकाळ व्हायच्या आत आईला पुरायचं होतं आणि तिच्या कबरीवर कद्दिश, मयतासाठीची प्रार्थना, म्हणायचं होतं. कद्दिशला दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत.

आईनं बाबांकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात एक गोष्ट मागितली, माझ्यासमोर. तिच्या आईला प्लेगच्या साली कद्दिशशिवाय पुरलं होतं, माणसं जमली नाहीत म्हणून. "माझं तसं करू नका," ती म्हणाली. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

बाबा, रहमाजी खारवलकर, आमच्या सिनेगॉगचे हझान. गाव त्या इमारतीला इस्रायल मशीद म्हणतं. प्रार्थना चालवणं, लग्नं लावणं, मयतीचं सगळं करणं हे तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. माझ्या लहानपणी शनिवारी आत बसायला जागा नसे. मग घरं एकेक करून इस्रायलला गेली. खारवलीत मोजण्यात येणारे पाचच पुरुष उरले आणि मुंबईच्या एका दैनिकात बातम्या लिहिणारी मी, सुट्टी काढून आईपाशी आलेली. मला मोजायचा प्रश्न नव्हता. आमच्यात बायका मोजत नाहीत.

दहाच्या सुमाराला शमुवेल मुकादम आले. सिनेगॉगचा कारभार त्यांच्याकडे होता आणि बाबांशी थट्टेनं बोलायची हिंमत गावात त्यांनाच होती. त्यांनी पोस्टातून पेणला आणि अलिबागला फोन लावले. पेणहून तिघे निघतो म्हणाले, अलिबागहून एक. रेवदंड्याच्या माणसाच्या घरी कळलं की तो मुंबईला गेला आहे, रविवारी येईल.

"नऊ झाले," मुकादम म्हणाले. दहावा कोण असू शकतो ते सगळ्यांना माहीत होतं. दोन माणसं होती. एकाला बाबांनी बाहेर ठेवलं होतं, दुसरा स्वतःच बाहेर राहिला होता.

एक बेनाजी काका, बाबांचा धाकटा भाऊ. पाच वर्षांपूर्वी चैत्रात गावदेवीच्या जत्रेत त्यांना नारळ घेऊन देवळात शिरताना लोकांनी पाहिलं. त्या वर्षी त्यांची मुलगी टायफॉइडनं मरता मरता वाचली होती, त्यामुळे कशाचा नवस ते कोणी विचारलंही नाही. बाबांनी शब्बाथच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, "बेनाजी, दगडापुढे वाकलास?" काका गप्प राहिले. पुढच्या चैत्रात ते पुन्हा गेले. तेव्हापासून ते सिनेगॉगच्या ओसरीवरच्या बाकावर बसत. आतली प्रार्थना तिथूनच ऐकत, तिथूनच आमेन म्हणत. त्यांना मोजलं जात नसे.

दुसरा माझा मोठा भाऊ, एझ्रा. पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. सहा वर्षांपूर्वी उपासाच्या मोठ्या दिवसाला तो घरी आला आणि सिनेगॉगला यायला तयार झाला नाही. बाबांनी कारण विचारलं. तो म्हणाला, तिथे ऐकणारं कोणी आहे असं मला वाटत नाही, आणि वाटत नसताना उभं राहणं मला बरोबर वाटत नाही. आवाज चढला नव्हता. बाबांचाही नाही. आई दोघांना उपासाआधीचं ताट वाढत होती, तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

त्या दिवशीचं एक बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं. बाबा म्हणाले, "जुन्या काळी लाकडादगडाला देव म्हणणारे होते. आता देवालाच लाकूडदगड म्हणणारे निघालेत. दोघांचं दुखणं एकच. न दिसणाऱ्यासमोर उभं राहणं कुणालाच जमत नाही."

दादा म्हणाला, "आपल्या मूळपुरुषानं बापाच्या दुकानातल्या सगळ्या मूर्ती फोडल्या, ही गोष्ट तुम्हीच मला सांगायचात. मी घाबरून विचारायचो, त्याचा बाप रडला का? तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

त्यानंतर तो घरी येई, आईपाशी बसे, पण शुक्रवारी संध्याकाळ व्हायच्या आत एसटी पकडून जाई. बाबा त्याच्याशी हवापाण्याचं बोलत.

त्याला मी आदल्या दिवशीच तार केली होती. अडीच वाजता तो आला. आईला आंघोळ घालून पांढऱ्या कफनात गुंडाळलं होतं आणि उशाशी सब्जाच्या डहाळ्या ठेवल्या होत्या. तो खाली बसला आणि बराच वेळ तिच्या पायांवर हात ठेवून राहिला. मग बाबांनी त्याला ओटीवर बोलावलं. मुकादम तिथेच होते. मी दाराशी.

"दहावा तू लागतोस," बाबा म्हणाले.

"उभा राहीन," दादा म्हणाला. "सांगाल ते शब्द म्हणेन. मला पाठ आहेत."

"शब्द माझ्यापाशी पुष्कळ आहेत. मानतोस का?"

"ते नाही, बाबा. विचारू नका. नुसतं मोजा."

मुकादम मध्ये पडले. "हझान, पोरगा म्हणतोय ते बरोबर आहे. कुणाच्या डोक्यात काय आहे ते बघून मोजायचं तर आपण तिघंसुद्धा भरणार नाही. सुंता झालेली आहे, आईबाप आपले आहेत. विषय संपला."

आमच्या धर्माचा कायदा मुकादमांच्या बाजूनं होता, हे मला नंतर वाचून कळलं. बाबांना ते तेव्हाही माहीत असणार. पण ते म्हणाले, "बेनाजीला मी बाहेर बसवलं. माझा सख्खा भाऊ. आता याला आत घेतलं तर का घेतलं म्हणू? माझा मुलगा म्हणून?"

"मग बेनाजीला घ्या," मुकादम म्हणाले. "निदान तो कुणाला तरी मानतो."

बाबा दादाकडे वळले. "ऐकलंस? बेनाजी चुकीच्या दारापुढे उभा राहिला. पण दार ठोठावावं अशी गरज त्याला वाटली. तुला कुणाची गरजच वाटत नाही."

"वाटते, बाबा," दादा म्हणाला. "सकाळी तार मिळाल्यापासून वाटतेय. गरज वाटली म्हणून कोणी असतंच असं नाही."

बाबांनी मान खाली घातली. शेवटी मला म्हणाले, "काकाला विचारून ये. पुन्हा देवीकडे जाणार नाही, एवढं तोंडानं म्हणाला तर आज तो दहावा."

काका कबरस्तानात होते. गावातल्या दोन आगऱ्यांबरोबर सकाळपासून खणत होते, आणि मी गेले तेव्हा ते दोघे नारळाखाली पाणी पीत बसले होते. काका एकटेच खड्ड्यात छातीएवढे उतरलेले. मी कडेला बसून बाबांचा निरोप सांगितला.

"एवढंच?" काका म्हणाले.

"एवढंच. म्हणून टाका ना काका. आईसाठी."

"तिच्यासाठीच म्हणता येत नाही गं." त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. "मिलू, तो नारळ माझा नव्हता. वहिनीचा होता."

मला आधी अर्थच लागला नाही. त्यांनी सांगितलं तसं मी सांगते. दादा बोलून गेला त्याच्या पुढच्या चैत्रात आई त्यांच्याकडे आली. म्हणाली, आपल्या देवाकडे रोज मागते. तो ऐकत नाही, की ऐकून गप्प बसतो, समजत नाही. गावदेवी निदान समोर बसलेली असते. हझानची बायको देवळात जाऊ शकत नव्हती. म्हणून तिनं दिराला पाठवलं.

"मागितलं काय तिनं?"

"एझ्राला त्याचा देव परत मिळू दे, म्हणून."

"गावदेवीकडे?"

"मीही तेच म्हटलं. म्हटलं वहिनी, आपल्या देवाचं तिला काय पडलंय? तर म्हणते, तीही आईच ना कुणाची तरी, तिला कळेल."

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. नवस फिटेपर्यंत दर चैत्रात नारळ द्यायचं कबूल केलं होतं, त्यांनी आईसाठी. बोललेलं माणूस गेलं म्हणून बोललेलं सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. जाणार नाही असं म्हणून पुढच्या चैत्रात जायचं, हेही त्यांना नको होतं.

"बाबांना सांगते," मी म्हणाले. "खरं सांगितलं तर तुम्ही मोकळे व्हाल."

"आणि तो? आज तिला मातीत ठेवताना त्याच्या मनात काय राहील? चार वर्षं मी बाहेर बसलोय, अजून बसेन. मला बाकाची सवय झालीय." ते हसले. "उन्हाळ्यात तिथेच वारा लागतो."

"आणि दादाला सांगितलं तर?"

ते हातावर थुंकले आणि फावडं उचललं.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं की काका नाही म्हणाले. ते म्हणाले, वाटलंच होतं. चार वाजून गेले होते. पेणचे तिघे येऊन बसले होते, अलिबागचे गृहस्थ घड्याळ बघत होते. मुकादम सगळ्यांना चहा देत होते आणि कुणाकडेच पाहत नव्हते.

दादा मागे विहिरीवर होता. मी त्याला सगळं सांगितलं, आईचं वाक्य जसंच्या तसं. त्यानं मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"पाच वर्षं?" त्यानं विचारलं.

"दर चैत्रात."

"मला एकदाही म्हणाली नाही, तू मान म्हणून. फक्त विचारायची, जेवतोस ना वेळेवर." तो रहाटाला हात लावून उभा होता. मग म्हणाला, "तिला दोन्हीकडून उत्तर आलं नाही, मिलू."

त्यानं पोहरा ओढून तोंड धुतलं. आत जाऊन खुंटीवरची बाबांची जुनी काळी टोपी डोक्यावर घातली. ओटीवर सगळे बसलेले होते. तो बाबांसमोर उभा राहिला.

"बाबा, मघाचं पुन्हा विचारा."

बाबांनी वर पाहिलं. "मानतोस?"

"मानतो," दादा म्हणाला.

बाबा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, डॉक्टर बघतात तसे. मग म्हणाले, "चला. उशीर होतोय."

आमच्या गावात बायका कबरस्तानाच्या भिंतीपर्यंतच जातात. भिंत कंबरेएवढी आहे, पलीकडचं सगळं दिसतं. पेटी खाली गेली. प्रत्येकानं माती टाकली. काका माती ओढून झाल्यावर फाटकाशी जाऊन उभे राहिले, नेहमीसारखे बाहेर.

प्रार्थनेला उभी राहिलेली माणसं आम्ही आकड्यांनी मोजत नाही. माणसांवर आकडा घालू नये अशी रीत आहे. हझान एक ओळ म्हणतो, तारण मागणारी, दहा शब्दांची, आणि एकेका माणसाकडे पाहून एकेक शब्द टाकतो. ओळ पुरी झाली की माणसं पुरी झाली. बाबांनी पहिला शब्द स्वतःवर टाकला, मग मुकादमांवर, मग पुढे. प्रत्येक शब्द मला भिंतीशी ऐकू येत होता. नववा अलिबागकरांवर पडला. शेवटच्या शब्दाचा अर्थ सर्वकाळ असा आहे. बाबा दादासमोर थांबले. एवढा वेळ थांबले की पेणच्या एका म्हाताऱ्यानं डोळे उघडून पाहिलं.

मग त्यांनी तो शब्द म्हटला.

कद्दिश दादानं म्हटलं. तो खरंच काही विसरला नव्हता. आवाज स्वच्छ होता, उच्चार बाबांचे होते. प्रत्येक ठिकाणी आठ गळ्यांतून आमेन आलं, आणि फाटकापासून एक, जरा उशिरा. बाबांचं मला ऐकू आलं नाही. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. ते मिटलेले होते.

सात दिवस आम्ही जमिनीवर चटईवर बसलो. दादाही बसला. सकाळ-संध्याकाळ माणसं जमली नाहीत, पण बाबांनी सांगितलं ते सगळं त्यानं केलं, आणि बाबांनी त्याला काही सांगायचं शक्यतो टाळलं. मंगळवारी सकाळी खिडकीतून काका जाताना दिसले. आंघोळ केलेले, हातात नारळ.

"चार दिवस झाले नाहीत तिला," बाबा म्हणाले, "आणि हा चालला."

दुपारी मी काकांना विहिरीवर गाठलं. चैत्र तर अजून लांब होता. ते म्हणाले, नवस फिटला, शेवटचा नारळ देऊन आलो. एझ्रा सगळ्यांसमोर मानतो म्हणाला, कद्दिशही त्यानंच म्हटलं.

"काका, तो खोटं बोलला."

"ते देवीनं बघावं. मी ऐकलं तेवढं तिच्या कानावर घातलं."

सातव्या दिवशी दादा पुण्याला गेला. बाबांनी त्याला एसटीपर्यंत सोडलं. परत आल्यावर ते चटईवरच बसले, उठायचा दिवस असून. मी चहा दिला.

"एझ्रा लहानपणी काही फोडलं तरी स्वतः येऊन सांगायचा," ते म्हणाले. "मारीन हे माहीत असून."

मी कप त्यांच्याकडे सरकवला.

"जुनी माणसं दगडापुढे वाकायची. पण समोर कोणीतरी आहे असं त्यांना खरंच वाटायचं. ती चूक होती, खोटेपणा नव्हता. हा सहा वर्षं वाकला नाही, तोही खोटेपणा नव्हता. त्या दिवशी मात्र समोर कोणी नाही असं वाटत असताना तो वाकला. कुणापुढे वाकला, मिलका?"

"बाबा, चहा घ्या."

"माझ्यापुढे," बाबा म्हणाले. "मी त्याला वाकवलं. तीस वर्षं लोकांना दगडापासून लांब ठेवलं, आणि पोराच्या पुढ्यात मीच दगड होऊन बसलो."

माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं एक वाक्य होतं. तो तुमच्यासाठी वाकला नाही, बाबा. पण त्याच्या पुढचं वाक्य आईचं होतं. मी चहाचा कप उचलून आत गेले.

पुढच्या शनिवारी बाबा सिनेगॉगला गेले, पण उंबरा ओलांडला नाही. ओसरीवरच्या बाकावर काकांच्या शेजारी जाऊन बसले. मुकादम बाहेर आले, हात धरून उठवायला लागले. बाबा म्हणाले, "मला मोजू नका." काकांनी सरकून जागा केली. दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानंतर बाबा आत गेले असं कोणी सांगितलं नाही. मुकादमांनी काही महिने स्वतः प्रार्थना चालवली, मग दाराला कुलूप लावलं.

बाबा १९८४ साली गेले, बुधवारी. तेव्हा दहा माणसं जमली नाहीत. काका त्यांच्यानंतर तीन वर्षांनी गेले. आईचा नारळ बाबांना शेवटपर्यंत कळला नाही, निदान माझ्याकडून तरी.

दादा १९८१ साली बायकोमुलीला घेऊन इस्रायलला गेला. बेरशेव्याला एका खतांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. आम्ही फोनवर बोलायचो, तब्येतीचं, भाज्यांचं, माझ्या पेपरचं. त्या शुक्रवारचं त्यानं काढलं नाही, मीही नाही. त्याची मुलगी तिर्झा सांगते, आमच्या आईच्या तिथीला तो दरवर्षी न चुकता सिनेगॉगला जायचा आणि कद्दिश म्हणून परत यायचा. इतर दिवशी कधीच गेला नाही. घरात देवाचं नाव काढलं की उठून बागेत जायचा.

गेल्या महिन्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. तिर्झाचा परवा फोन आला. तिचं मराठी लहानपणी इथून गेली तेवढंच आहे. डॉक्टरांनी आशा सोडली आहे, असं तिनं सांगितलं. दवाखान्यात एक रब्बी, धर्मगुरू, येतात. त्यांनी खाटेशी वाकून दादाला विचारलं की तुमच्यासाठी प्रार्थना म्हणू का. दादानं डोळे उघडले आणि मान हलवली.

"कशी हलवली?" मी विचारलं.

"बाजूला, आत्या. थोडी. आपली माणसं हलवतात तशी. इथे कुणाला कळली नाही, मलाही नाही. ती हो होती की नाही होती?"

मी म्हणाले, बघितल्याशिवाय मी कसं सांगू. ती म्हणाली, पुन्हा विचारते आणि मोबाइलवर चित्रण करून पाठवते. ते अजून आलेलं नाही.